मस्कतचा शर्ट

"हा माणूस पाठीवर पंप घेतो," मुमताज म्हणाली. तिनं खाकी शर्ट दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला होता. "दोन्ही खांद्यांवर पट्टा घासून कापड विरलंय. औषध मारायला जातो द्राक्षांत."

"आणखी?" मी विचारलं.

"खिशाचं तोंड ताणलंय. काहीतरी जड ठेवतो त्यात. डबी असंल तंबाखूची." तिनं खिसा नाकाशी नेला. "तंबाखूचीच."

नववीचा वर्ग हसला. मी हसले नाही. मी पिशवीतून पुढचा कपडा काढला, फिकट झालेलं एक परकर-पोलकं, आणि म्हणाले, "आता हे कुणी घातलं असेल, ते उत्तम खोत सांगेल."

उत्तमनं ते पोलकं बोटाच्या चिमटीत धरलं आणि लाजून म्हणाला, "बाई मानसानं."

पुन्हा हशा. मुमताज मात्र अजून त्या खाकी शर्टाची कॉलर उलटी करून बघत होती.

तास कार्यानुभवाचा होता. आमच्या शाळेत या तासाला मुली मेणबत्त्या करायच्या आणि मुलं फिनेल. त्या फिनेलनं वर्षभर शाळेचे संडास धुतले जायचे. त्या वर्षी मी मुख्याध्यापक जमदाडे सरांकडे गेले आणि म्हणाले, यंदा नववीला मी नाटक शिकवते. सर म्हणाले, "ॲक्टिंग?" मी म्हणाले, "नाही. नाटकाच्या मागचं काम. नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, प्रकाश, प्रॉपर्टी, प्रॉम्प्टिंग. पोरं हातानं करतील सगळं." सरांनी थोडा विचार केला. "खिळे-हातोडी लागेल म्हणता? मग बसतंय कार्यानुभवात," असं म्हणून त्यांनी सही केली.

गाव तासगावच्या पुढं, बेदाण्याच्या शेडांचं. नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथं आहेत. मी तिथं या नाटकाच्या दोन वर्षं आधी मराठी शिकवायला आले होते. वैजयंती माजगावकर, वय चौतीस, मूळची साताऱ्याची. माझे यजमान मस्कतला एका कंपनीत आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी गोदाक्काच्या घराच्या माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खोली दाखवायच्या आधी गोदाक्कानं पहिला प्रश्न विचारला होता तो, "मालक कुठं असत्यात?" एकट्या बाईला त्या गावात कुणी खोली देत नव्हतं, तिच्याआधीच्या दोन घरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. मी मस्कत म्हणाले आणि खोली मिळाली.

दाराशी यजमानांच्या चपला असायच्या. खिडकीत दाढीचा ब्रश. रविवारी मी धुणं वाळत घालायचे, त्यात त्यांचा एक निळ्या रेघांचा शर्ट असायचा. कपाटात राहून कपड्याला कुबट वास लागतो म्हणून अधूनमधून धुते, असं मी गोदाक्काला सांगितलं होतं. ती "व्हय की," म्हणाली होती.

तर नाटक. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गातल्या अडतीस पोरांना कामं वाटून दिली. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच राजा व्हायचं होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'नट : दोन. बाकीचे : छत्तीस.' नाराजी झाली. पण खिळे हातात आल्यावर नाराजी गेली. शेडा त्या दिवसांत रिकाम्या होत्या, बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीनंतर. उत्तमच्या चुलत्याच्या शेडमधून हिरवी जाळी आली, क्रेट आले, बांबू आले. प्रकाशवाल्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत बल्ब बसवले आणि पुढं पतंगाचा पिवळा कागद लावला. पावसाचा आवाज कसा काढायचा यावर ध्वनीच्या टोळीत मारामारी झाली. शेवटी परातीत तूर घोळवल्यावर सर्वांचं समाधान झालं. प्रॉपर्टीची वही करायला लावली मी: कुठली वस्तू, कुणाच्या घरून आणली, कुणी हातात द्यायची, कुठं परत ठेवायची.

मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "स्टेजवर खोटी वस्तू चालेल, पण ती खोटी वाटता कामा नये. चहाचा कप रिकामा असला तरी तो धरणाऱ्या हाताला चटका बसला पाहिजे. कपडा नवा असेल तर आधी त्याला जुना करा. घाला, चुरगळा, उन्हात टाका. कपड्यात माणूस राहून गेलेलं दिसलं पाहिजे."

हे सर्वांत जास्त कळलं ते मुमताज तांबोळीला. तिचे वडील रसूलभाई एसटी स्टँडसमोर शिवणकाम करायचे, आणि ती लहानपणापासून मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळत मोठी झालेली. बोलायची कमी. पण कपडा हातात आला की तिची बोटं आपोआप चालायची. तिला मी वेशभूषेची प्रमुख केलं. त्या दिवशी ती घरी पळत गेली, असं दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी सांगितलं.

नाटक पोरांनीच रचलं. एक म्हातारी एकटी राहत असते. एक माणूस चुकीचा पत्ता घेऊन तिच्या दारात येतो. तो ज्याला शोधतोय तो तिथं राहत नाही, हे म्हातारीला माहीत असतं, पण ती सांगत नाही. "बस, येईल इतक्यात," म्हणते, आणि चहा टाकते. एवढंच नाटक. शेवटी तो माणूस कंटाळून जातो. मी म्हणाले, शेवट थोडा बदलू या का? पोरं नको म्हणाली.

"पण बाई," उत्तम म्हणाला. तो नेपथ्याचा प्रमुख. "एकटं मानूस ऱ्हातंय कसं, त्ये कुठं बघायचं? आमच्याकडं सोळा मानसं हाईत. गावात येडं बी एकटं ऱ्हात न्हाई."

"शोधा," मी म्हणाले. "नेपथ्यकाराचं कामच ते. डोळे उघडे ठेवून गावातून हिंडा."

डिसेंबरमधला एक रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. मुमताज माझ्या खोलीवर आली. म्हातारीसाठी माझं एक जुनं लुगडं मी देणार होते, ते न्यायला. मी ट्रंक उघडून लुगडं शोधत होते. ती गच्चीत उभी राहिली होती, धुण्याच्या दोरीपाशी. मी लुगडं घेऊन बाहेर आले तेव्हा तिच्या हातात त्या निळ्या रेघांच्या शर्टाची बाही होती.

"बाई," ती म्हणाली, "हा शर्ट कुणी घातलाच नाही."

मी म्हणाले, "साहेबांचा आहे तो. धुतलाय आत्ताच."

"धुतलाय लई वेळा. रंग गेलाय की." तिचं तोंड कपड्याकडेच होतं. वर्गात जसं सांगायची तसंच ती सांगत होती. "पण घातलेला नाही. कॉलर बघा, आतनं कडक आहे अजून. कोपराला घडी नाही पडलेली. आणि काजं बघा, बाई. काजं घट्ट आहेत. ह्याचं बटण एकदा पण लावलेलं नाही कुणी."

तिनं वर पाहिलं. शाबासकीसाठी पाहिलं होतं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण तिनं बाही सोडून दिली.

"लुगडं घे आणि जा," मी म्हणाले. "आब्बा वाट बघत असतील."

शर्ट मी तासगावच्या बाजारातून घेतला होता, खोली मिळाली त्याच आठवड्यात. चपलाही तिथल्याच. घरी आणल्यावर मी चपला दगडावर घासल्या होत्या, टाचा झिजलेल्या दिसाव्यात म्हणून. साताऱ्यात आमचा एक हौशी नाटकांचा संच होता. सुधाकर, माझा नवरा, त्यातला नायक. अकरा वर्षं मी त्याच्या नाटकांची प्रॉपर्टी आणि वेशभूषा सांभाळली. तो विंगेतून हात मागं करायचा आणि मी त्या हातात तलवार, पत्र, फुलं, जे हवं ते द्यायचे. कधीही चुकलं नाही. मग एका नाटकात नवी नायिका आली. सुधाकर मस्कतला कधीच गेला नव्हता. तो साताऱ्यातच होता, आमच्याच घरात, तिच्याबरोबर. मी दोन ट्रंका घेऊन निघाले होते, आणि मला येत होतं तेवढं एकच काम केलं होतं. एक खोली सजवली होती, जिच्यात कुणीतरी राहत असल्यासारखं वाटेल.

दोन वर्षं ते कुणालाही ओळखू आलं नव्हतं, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तासाला मी हजेरी घेतली आणि सरळ आवाजात सांगितलं, "मुमताज, उद्यापासून तू पडदा सांभाळ. वेशभूषा इंदुबाला बघेल."

पडदा ओढण्याचं काम एका मुलाकडं होतं आणि त्याला दुसरं काही जमत नाही म्हणूनच ते त्याला दिलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुमताज उभी राहिली. "माझं काय चुकलं, बाई?"

"चुकलं काही नाही. नाटकात सगळी कामं सारखीच असतात. पडदा हेही कामच आहे."

हे वाक्य मीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ती खाली बसली. तास संपल्यावर तिनं कपड्यांची पिशवी, सुयांची डबी आणि मापांची वही इंदुबालाच्या बाकावर नेऊन ठेवली. वहीत प्रत्येक कपड्याच्या पुढं तिनं लिहिलं होतं, तो कुणाचा, किती वर्षं वापरलेला, कुठं विरलेला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कान देऊन जगले. गिरणीत दळण ठेवताना बायका हळू बोलतात का, स्टाफरूममध्ये मी शिरल्यावर विषय बदलतो का, हे बघत राहिले. मुमताजनं कुणाला काय सांगितलं असेल, याचे शंभर प्रकार मी मनात रचले. गावात मात्र काहीच बदललं नाही. वाटेत भेटणारी माणसं नेहमीसारखी "साहेब बरे हाईत न्हवं?" विचारत होती आणि मी "बरे आहेत," म्हणत होते. मुमताज तालमीला येत होती. द्राक्षाच्या मांडवाला बांधतात त्या सुतळीचा पीळ करून तिनं पडद्याचा दोर बनवला, कप्पीला तेल घातलं, आणि विंगेत उभी राहिली. पडदा आता कुठंही अडकत नव्हता. माझ्याकडं ती बघत नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्नेहसंमेलन. आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना जाळी आणि पोती लावून अंधार केला होता. नेपथ्य मी तोवर पूर्ण पाहिलं नव्हतं. उत्तमच्या टोळीनं अट घातली होती, "पुरं झाल्याबिगर बाईंनी बघायचं न्हाई." मलाही ते आवडलं होतं.

मी समोरच्या बाकावर एकटी बसले. मुमताजनं पडदा उघडला. डब्यांतले बल्ब पिवळे होत गेले.

स्टेजवर माझी खोली होती.

उजवीकडं खिडकीला लागून खाट, पायाकडं घडी घातलेली एकच वाकळ. ट्रंकेवर विणलेला रुमाल आणि त्यावर रेडिओ. कोपऱ्यात एकवातीचा स्टोव्ह, क्रेट उलटा ठेवून केलेला ओटा, त्यावर एक ताट, एक पातेली, एक पेला. बसायला एक पाट. खिडकीत बाटलीतली वेल. भिंतीवर कॅलेंडर, सुट्ट्यांच्या तारखांना गोल केलेलं. मी करते तसंच लाल पेन्सिलीनं. खुंटीवर छत्री आणि कापडी पिशवी. दाराशी बायकी चपलांचा एक जोड.

शर्ट नव्हता. पुरुषी चपला नव्हत्या. खिडकीत दाढीचा ब्रश नव्हता.

म्हातारी झालेली सुनंदा आत येऊन खाटेवर बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली. मी हात वर केला. "थांबा."

सगळी थांबली.

"उत्तम, ही खोली कुठं बघितलीस तू?"

उत्तम विंगेतून पुढं आला. हातात हातोडी होती ती त्यानं मागं लपवली. "तुमची हाय, बाई. गोदाक्काकडं दूध घालायला जातोय न्हवं मी. जिन्यातनं दिसतंय."

"मी म्हणाले होते, एकटं राहणारं माणूस बघा म्हणून."

तो हातोडी पाठीमागं एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"मी एकटी नाही, उत्तम. साहेब मस्कतला आहेत."

"व्हय, बाई," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, इतकं गोड, की एखादं मोठं माणूसच बोलल्यासारखं वाटलं. "साहेब हाईतच की."

"मग त्यांचा शर्ट का नाही लावला खुंटीला?"

प्रॉम्प्टिंग करणारी पोरगी संहितेच्या कागदात तोंड घालून बसली होती. शेवटी उत्तमच पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "त्यो खोटा दिसला असता, बाई. तुमीच सांगितलंय, खोटं दिसंल असलं काय ठेवायचं न्हाई."

माझ्या तोंडून एकच निघालं. "मुमताजनं सांगितलं तुम्हाला."

"मुमताजनं?" त्याला खरंच कळलं नाही. "न्हाई, बाई. मुमताज कशाला सांगंल? घरात समदीच म्हनत्यात. पोस्टमन तर आमच्या वस्तीवरच ऱ्हातोय. परदेशाचं एक बी पाकीट आलं न्हाई म्हनं कधी. पर आमची आजी म्हनाली, बाईंच्या म्होरं बोलायचं न्हाई. बाईंना वाईट वाटंल."

पडद्याच्या दोरापाशी मुमताज उभी होती. तिला हे सगळं ऐकू जात होतं. मी तिच्याकडं बघू शकले नाही. मी म्हणाले, "चालू द्या पुढं," आणि तालीम पूर्ण झाली. एकही चूक झाली नाही. मी वहीत काहीच लिहून घेतलं नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळायला आला होता. गोदाक्का खालच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. साठीची, धिप्पाड, कपाळावर गोंदण. मी जिना न चढता तिच्यासमोर उभी राहिले.

"आक्का, मस्कतला कुणी नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमी आला त्या दिवाळीपास्नं. दिवाळीला बी ज्याचं पत्तर येत न्हाई, त्यो मानूस कसला?"

"मग मला ठेवून का घेतलंत? खोली रिकामी करा म्हणाला असतात."

"आता दिली हुती न्हवं खोली. दिलेली कशी काढायची?" तिनं सालं फुंकली. "आन तरास काय हुता तुमचा? तुमी आपलं वर, आमी आपलं खाली."

"पण मग तुम्ही सगळे मला विचारत का होता? रोज? साहेब बरे आहेत का, साहेब कधी येणार, असं?"

गोदाक्कानं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, दयाही नव्हती. थोडं आश्चर्य होतं.

"दुसरं काय इचारायचं तुमास्नी?" ती म्हणाली. "तुमी दुसरं कायबी कदी सांगितलंच न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसले. तिनं थोडा लसूण माझ्यापुढं सरकवला आणि आम्ही दोघी सोलत राहिलो. दोन वर्षं त्या गावात माझ्याशी शंभर माणसं बोलत होती, ती सगळी जगात नसलेल्या एका माणसाबद्दल. तो माणूस काढून घेतल्यावर मला त्यांच्याशी बोलायला आणि त्यांना माझ्याशी बोलायला एक शब्द उरला नव्हता. लसूण संपल्यावर गोदाक्का उठली आणि आत गेली.

त्या रात्री मी मुमताजला काय सांगायचं याची वाक्यं जुळवली. एकही धड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या. मागं खिडक्यांत पोरं चढलेली. रसूलभाई दुकान बंद करून आले होते आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. पडदा उघडला तेव्हा बायकांच्या बाजूनं एक बारीक कुजबूज उठली आणि विझली. त्यांनी खोली ओळखली होती. मी विंगेत होते, त्यामुळं कुणाचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

सुनंदा चांगलं करत होती. माझं लुगडं तिला लांब होत होतं, इंदुबालानं ते नीट दुमडलं नव्हतं, आणि सुनंदा दोनदा अडखळली. दोन्ही वेळा माझ्या शेजारी मुमताजनं श्वास आत ओढला. तिचे हात दोरावर होते, पण बोटं हलत होती, जणू काही टाके घालतायत. म्हातारीनं चहा टाकला. तो माणूस घड्याळ बघून उठला. "बस की, येईल इतक्यात," सुनंदा म्हणाली. तो गेला. म्हातारी दाराकडं बघत राहिली, मग तिनं त्याचा चहा स्वतःच पिऊन टाकला. ते पोरांनीच ऐन वेळी घातलं होतं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या.

आमचं असं ठरलं होतं की टाळ्या वाजल्यावर पडदा पुन्हा उघडायचा आणि अडतीसही पोरांनी स्टेजवर येऊन आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. गावानं कधी प्रॉम्प्टर म्हणजे काय ते ऐकलं नव्हतं, ते त्यांना कळावं म्हणून. पोरं ढकलाढकली करत रांगेत गेली. मुमताज दोर धरून उभीच राहिली. पडदा उघडणारा स्टेजवर कसा जाणार, हा विचार मी केलाच नव्हता. तिनं केलेला दिसत होता.

मी दोर हातात घेतला. "जा," मी म्हणाले. "मी ओढते."

"पडदा कुणीतरी ओढायला पाहिजे ना."

"मी आहे ना. जा."

ती गेली आणि रांगेच्या टोकाला उभी राहिली. मी पडदा उघडला. हाताला तो वाटला होता त्यापेक्षा खूप जड होता; तीन आठवडे ती तो एका ओढीत उघडत होती. पोरं एकेक करून ओरडू लागली. "उत्तम दादासो खोत! नेपथ्य!" "सुनंदा! म्हातारी!" हशा. "मी प्रॉम्प्टर! पुटपुटायचं काम!" टाळ्या. रांग सरकत टोकाला आली.

मुमताज अर्धं पाऊल पुढं आली. मला तिची पाठच दिसत होती.

"मुमताज रसूल तांबोळी," ती म्हणाली. "वेशभूषा."

रांगेतल्या कुणीही तिच्याकडं वळून पाहिलं नाही. इंदुबालानं तर हातच वाजवले. इंदुबालाचं स्वतःचं काम तोवर सांगून झालं होतं, आणि तिनं सांगितलं होतं, 'मदतनीस'. हे पोरांनी आपसांत ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं.

मी पडदा ओढला.

अर्ध्या तासात हॉल रिकामा झाला. पोरं पटांगणात भेळ खायला पळाली. जमदाडे सर, "मॅडम, कमाल," एवढं म्हणून घाईनं पुढं गेले. त्यांनाही माझ्याशी नेमकं काय बोलावं कळत नसावं. मी स्टेजवर वस्तू गोळा करत होते. मुमताज परत आली. सुनंदानं खाटेवर फेकलेलं लुगडं तिनं उचललं आणि घडी घालायला घेतलं. लांब लुगड्याची एकटीला घडी येत नाही. मी दुसरं टोक धरलं. आम्ही जवळ आलो, टोकं जुळवली, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग पडद्यावर का टाकलं मला?"

रात्री जुळवलेली सगळी वाक्यं मला आठवत होती. मी त्यातलं एकही वापरलं नाही. "तू शर्टाबद्दल खरं सांगितलंस म्हणून," मी म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि तो राग मी तुझ्यावर काढला. माझी चूक झाली, मुमताज."

तिनं हे नीट ऐकून घेतलं. कपडा बघायची तसं, कुठं काय विरलंय ते बघितल्यासारखं. मग लुगड्याची शेवटची घडी घालून तिनं ते माझ्या हातात दिलं.

"बरं," ती म्हणाली. "आता नाही सांगणार तसं कुणाला."

"नाही, तसं नाही," मी घाईनं म्हणाले. "सांगत जा. दिसलं की सांगत जा. तुला दिसतं, ते बाकीच्यांना दिसत नाही."

"हो, बाई."

बाहेरून रसूलभाईंनी हाक मारली. तिनं सुयांची डबी उचलली, मापांची वही उचलली, आणि पायऱ्या उतरून गेली.

पुढं सव्वा वर्ष ती माझ्या वर्गात होती. दहावीला मी तिला मराठी शिकवलं, चौऱ्याहत्तर मार्क पडले तिला. वेशभूषेचं सगळं काम मी तिच्याकडंच ठेवलं आणि तिनं ते चोख केलं. पिशवीतून कपडा काढून मी वर्गाला विचारायचे, हा कुणाचा असेल, सांगा. पोरं काहीही सांगायची. मुमताज तो हातात घ्यायची, उजेडाकडं धरायची, कॉलर उलटी करायची, काजांवरून अंगठा फिरवायची. तिला सगळं कळलेलं मला दिसायचं.

"काय दिसतंय, मुमताज?" मी विचारायचे.

"जुना आहे, बाई," ती म्हणायची, आणि कपडा घडी करून पुढच्या बाकावर द्यायची.